स्वच्छ हाताची भजी

सर्व संबंधितांना, आणि विशेषतः आमच्या घरी कधी ना कधी आखाडात भजी खाऊन गेलेल्या समस्त पाहुण्यांना, अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, आमच्या घराण्याच्या कुरकुरीत भज्यांचे गुपित मी आज जाहीर करीत आहे. ज्यांना मळमळीचा त्रास आहे त्यांनी लिंबू हाताशी ठेवावे. ज्यांनी त्या काळी घाण्यामागून घाणे संपवून वर 'काय चव हाय हो हाताला!' असे उद्गार काढले होते, त्यांनी आधी बसून घ्यावे आणि मग वाचावे. तक्रार कुणाकडेही करता येणार नाही. गुन्ह्यातली मुख्य मंडळी केव्हाच देवाघरी गेली आहेत, आणि माझ्याखेरीज उरलेली एकुलती एक साक्षीदार म्हणजे माझी आई, तिची मी रीतसर परवानगी घेतली आहे. ती पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "लिही की. आता कोण ओकणार हाय?"

आता कामाला लागते. भजी म्हटलं की लोकांना पाऊस आठवतो. आठवू दे. सोलापुरात भज्यांनी पावसाची वाट बघायची ठरवली असती तर आमच्या दोन पिढ्या भजी न खाताच गेल्या असत्या. आमच्याकडे तळण व्हायचं ते आखाड आहे म्हणून. आषाढात घरात तेल कढलं पाहिजे, लग्न होऊन गेलेल्या लेकीला बोलावून तळलेलं खाऊ घातलं पाहिजे, असा रिवाज. त्याला 'आखाड तळणं' म्हणायचं. ढग यायचे, आमच्या पत्र्यावर जरा वाकून बघायचे आणि आमच्या कढईचा धूर नाकात गेल्यासारखे तुळजापूरच्या दिशेने निघून जायचे. खाली आम्ही घामाने निथळत. स्वयंपाकघराला एकच खिडकी, ती बोळात उघडणारी, आणि बोळाच्या पलीकडे यंत्रमाग. दिवसभर खटाक-खट, खटाक-खट. त्या आवाजाची इतकी सवय की माग बंद पडले तर घरातली माणसं दचकून विचारायची, "काय झालं?" कढईत करडईचं तेल. ज्यांनी करडईचं तेल तापताना हुंगलेलं नाही त्यांना तो वास सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी हुंगलेला आहे त्यांच्या अंगावरच्या कपड्यांना तो अजून येत असणार.

घरात आम्ही बोलायचो मराठीत, रागवायचो कन्नडात. म्हणून थोरल्या काकांना आम्ही दोड्डप्पा म्हणायचो आणि काकूंना दोड्डव्वा. थोरला बाप आणि थोरली आई. दोड्डप्पा होटगीला रेल्वेत होते. माझे वडील, म्हणजे अप्पा, एका चादरी-टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस होते. मागावरून उतरलेला माल त्यांच्यापुढे यायचा, ते प्रत्येक टॉवेल उजेडासमोर धरायचे आणि त्यात तेलाचा ठिपका, तुटका धागा, कामगाराच्या बोटाचा ठसा, काहीही असलं तरी त्यांना दिसायचं. "डाग!" एवढा एकच शब्द बोलून ते टॉवेल बाजूला फेकायचे. दिवसभर हेच काम केल्यावर माणसाची नजर घरी आल्यावर सुट्टी घेईल असं तुम्हाला वाटत असेल. छे! अप्पा ताट उजेडासमोर धरायचे. पेला उजेडासमोर धरायचे. पापड तर असा धरायचे की जणू पलीकडचं कुणी त्यांना खूण करतंय. सार्वजनिक नळ ते कोपराने सुरू करायचे. लग्नाला गेले की फक्त केळं खायचे, कारण ते सोलून खाता येतं. दुसऱ्याच्या घरचं पाणी त्यांनी आयुष्यात घेतलं नाही. "आत्ताच पिऊन आलो" हे वाक्य त्यांनी इतक्या घरांत म्हटलं होतं की लोकांना वाटायचं, हा माणूस रस्त्याने पाणी पीतच चालतो.

अशा माणसाचा भज्यांबद्दल एक सिद्धान्त होता, आणि या प्रकरणातलं सगळं रामायण त्या सिद्धान्ताचं आहे. अप्पांचं म्हणणं असं की भजं कुरकुरीत होतं ते पिठामुळे नाही, तेलामुळे नाही, तर करणाऱ्याच्या हाताच्या स्वच्छतेमुळे. "घाण हात पिठात गेला की पीठ सुस्त होतंय," ते मांडी घालून, भजं वर धरून, प्रवचन द्यायचे. "स्वच्छ हाताचं भजं कसं ताठ उभारतंय बघा." आणि हे सांगताना त्यांच्या हातात नेहमी दोड्डव्वाचं भजं असायचं. घोसाळ्याचं. पातळ चकती, वर सोनेरी जाळी, चावलं की असा आवाज की बोळातल्या मागांनाही क्षणभर लाज वाटावी. सोड्याला आमच्या घरात बंदी होती. सोडा म्हणजे धोब्याचा माल, तो पोटात घालायचा नाही, असा अप्पांचा हुकूम. तरी दोड्डव्वाची भजी अशी व्हायची, म्हणूनच तर अप्पा म्हणायचे, "वैनीसारखा स्वच्छ हात अख्ख्या सोलापुरात न्हाय."

आता माझ्या आईची, आखाड सोडून एरवी कधी केलेली भजी. ती मऊ व्हायची. कबूल. ताटात पडली की थकल्यासारखी आडवी व्हायची आणि खाली तेलाचं तळं साचायचं. अप्पा त्यातलं एक उचलून उजेडासमोर धरायचे आणि म्हणायचे, "ह्याला पिळलं तर देवाच्या दिव्याला आठवडाभर तेल पुरंल." मग एक मोठा सुस्कारा. "हात नीट धुत जा गं."

हे कुणाला? तर माझ्या आईला. दुधनीकडची मुलगी, जिच्या माहेरी अंगण दोनदा सारवायचे. जी चूल पेटवायच्या आधी हात धुवायची, पीठ घ्यायच्या आधी धुवायची, घेतल्यावर धुवायची, आणि अप्पांचं प्रवचन ऐकून झालं की न्हाणीत जाऊन पुन्हा धुवायची. तिच्या हातांना बाराही महिने चिरा असायच्या, त्यात तिखट गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं. नखं इतकी कापलेली की बोटांची टोकं लाल दिसायची. लग्न होऊन आल्यापासून तिला आखाडात झारा हातात मिळाला नव्हता. तिने घोसाळी चिरायची, कांदे चिरायचे, परात घासायची, आणि तळणाला बसायची दोड्डव्वा. आईला भज्यांचं एवढं वेड नव्हतं. तिला चारचौघांत, घरच्यांपुढे, नवऱ्याच्या तोंडून एकदा एवढंच ऐकायचं होतं की तिचा हात स्वच्छ आहे. किती साधी मागणी! पण ती मागणी कुरकुरीत भज्याच्या दारातून आत यायची होती, आणि त्या दाराची किल्ली होती दोड्डव्वाच्या कमरेला.

दोड्डव्वा म्हणजे भरदार बाई. पीठ कालवायची वेळ झाली की ती सगळ्यांना स्वयंपाकघरातून हाकलायची. "चला, उठा, बाहेर व्हा. पिठाला नजर लागती." आम्ही बाहेर जायचो. दार लोटलं जायचं. थोड्या वेळाने आतून पहिला चर्रर्र आवाज आला की दार उघडायचं, आणि दोड्डव्वा देवीसारखी कढईपुढे बसलेली दिसायची. आई कितीदा मला म्हणायची, "गिरजे, ती काय घालती गं त्यात? मोहन तर मीपण घालते. तांदळाचं पीठ घालून बघितलं. रवा घालून बघितला." मला काय माहीत? मी पंधरा वर्षांची, मला फक्त खायचं माहीत.

आणि आता, मंडळी, दोड्डप्पांची डबी. लिंबू हाताशी आहे ना?

पितळेची लांबुळकी डबी, दोन तोंडांची. एका तोंडात तंबाखू, दुसऱ्यात चुना. ज्यांच्या घरात ही डबी होती त्यांना माहीत आहे की ती कधीही, कुणीही, कशानेही धुतलेली नसते. चुन्याच्या बाजूचं झाकण कडेने पिवळं, मग तपकिरी, मग ज्याला नाव नाही अशा रंगाचं झालेलं. दोड्डप्पांच्या उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी खास वाढवलं होतं, चुना काढायला. त्याचा रंगही झाकणाशी जुळणारा. ते तळहातावर तंबाखू घ्यायचे, अंगठ्याने चुना काढायचे, मळायचे, थाप मारायचे, की माझी शिंक ठरलेली. मग चिमूट खालच्या ओठात, आणि ओठात नीट बसवायला तोच अंगठा आत. मग ओठातून निघालेला अंगठा पुन्हा डबीत, झाकणाच्या कडेला पुसायला. होटगीला सगळ्या गाड्या थांबतात. पण हा अंगठा डबीतून तोंडात आणि तोंडातून डबीत जायचा तो विनाथांबा. मधे पाण्याचं स्टेशनच नव्हतं. अप्पांना सख्ख्या भावाच्या त्या डबीची इतकी शिसारी होती की दोड्डप्पांनी सदरा खुंटीला अडकवला तर ते आपला सदरा दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचे.

आखाडाच्या थोडं आधी एक दिवस असंच काही तळण होतं. मोठी कढई स्वयंपाकघरातल्या माळ्यावर होती. दोड्डव्वाने मला वर चढवलं. कढई मी खाली दिली, आणि वर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा दिसला तो चाळत तिथेच बसले. शिडी खाली तशीच. दोड्डव्वाला वाटलं मी केव्हाच उतरून गेले. तिने सगळ्यांना हाकललं, दार लोटलं. वरून मला तिचा अंबाडा आणि परात दिसत होती. बेसन, ओवा, हळद, तिखट, मीठ. मग ती उठली, मागच्या दाराच्या खुंटीवर दोड्डप्पांचा सदरा होता त्याच्या खिशात हात घातला, आणि डबी काढली.

मला वाटलं, बाईसुद्धा तंबाखू खाते की काय! तेवढं असतं तर मी आयुष्यभर तिची पूजा केली असती. तिने चुन्याचं झाकण उघडलं, करंगळीने आतला चुना खरवडला, आणि ते बोट परातीत बुडवून गरागरा फिरवलं. वर कडकडीत मोहन ओतलं. पीठ फसफसलं. डबीच्या तोंडाशी अडकलेले तंबाखूचे चार कण बोटाबरोबर आले होते, ते तिने अगदी सहजपणे, ओव्यात ओवा मिसळावा तसे मिसळले. आजवर मी खाल्लेलं प्रत्येक भजं ओळीने माझ्या डोळ्यांपुढून गेलं. ती ओळ, सांगते तुम्हाला, लई लांब होती.

(आज हे लिहिताना सांगायला हरकत नाही की चुना घालणं यात वेडेपणा काहीच नव्हता. चुन्याचा खडा रात्रभर पाण्यात ठेवून वरची निवळी घ्यायची, ती थोडीशी पिठात घातली की भजी कुरकुरीत होतात. मी तशीच करते. माझी सून मात्र एअर फ्रायरमध्ये भजी 'बनवते', आणि ती खाल्ल्यावर मला दोड्डव्वाची सगळी पापं माफ करावीशी वाटतात. पण निवळी करायची तर आदल्या दिवशी आठवण पाहिजे. डबी कायम हाताशी. आळस, बाकी काही नाही. घराण्याची कीर्ती आळसावर उभी होती.)

मी आईला सांगितलं. पत्र्यावर वाळवण राखत बसलो होतो. आई ऐकत गेली, तिचा चेहरा हळूहळू घोसाळ्याच्या रंगाचा झाला, तिने पदर तोंडाला लावला आणि खाली न्हाणीत गेली. बऱ्याच वेळाने वर आली, चूळ भरून, डोळे लाल.

"अप्पांना सांगू या," मी म्हणाले. मला ते दृश्य बघायची घाई झाली होती.

"खबरदार. सांगितलं तर ते महिनाभर जेवायचे न्हाईत. आणि वर म्हणतील, तू जळतीस वैनीवर म्हणून काय बी बोलायलीस." मग तिच्या तोंडावर मी कधी न बघितलेलं हसू आलं. "चुना व्हय! मग स्वच्छ चुना घालून मी करते की."

पानाच्या दुकानातून मी नवा चुना आणला, पानात बांधून, पांढराशुभ्र. आईने हात धुतले. वाटी धुतली. चुन्याला हात लावायच्या आधी पुन्हा हात धुतले. आणि इथे घात झाला. किती घालायचा हे तिला कुठे माहीत? तिने सुपारीएवढा गोळा अख्खा पिठात सोडला. भजी अशी कुरकुरीत झाली की झाऱ्यात वाजत होती. अप्पांनी पहिलं भजं उजेडासमोर धरलं, भुवया वर गेल्या, "अरे वा" म्हणाले, चावलं, आणि पुढच्या क्षणी जीभ बाहेर काढून अंगणात पळाले. जीभ सोलून निघाली होती. आठवडाभर ते ताक-भातावर राहिले, आणि बोलता येत नव्हतं म्हणून पाटीवर खडूने लिहून दाखवायचे. पहिल्या दिवशी लिहिलं: 'हात धू म्हणलो होतो, विष घाल म्हणलो नव्हतो.'

आईने पाटी वाचली. न्हाणीत जाऊन हात धुतले.

आणि आखाडातला तो दिवस आला. करकंबची आत्या, म्हणजे या दोन भावांची बहीण, सकाळच्या एस.टी.ने आली. जिभेला हाड नसलेली प्रेमळ बाई. आदल्या दिवसापासून दोड्डव्वाच्या उजव्या करंगळीला नखुर्डं झालं होतं. नखुर्डं म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांचं बरं आहे. नखाच्या कडेने बोट टरारून सुजलेलं, जांभळं, मधे पिवळा ठिपका, आणि तो ठिपका आज ना उद्या फुटणार हे सगळ्या घराला दिसत होतं. तिने त्याला लिंबू खोचलं होतं, टोपीसारखं. तशाच हाताने बाई बेसनाचा डबा उघडायला लागली.

अप्पा किंचाळले. "वैनी! त्या बोटानं पीठ कालवायचं न्हाय! तुमच्यासारख्या स्वच्छ बाईनं असं करावं?" मग मागे वळले, आणि माझी आई घोसाळी चिरत बसली होती तिच्यापुढे झारा टाकला. "आज तू तळ. बघू तरी तुझा हात."

फक्त माग: खटाक-खट. दोड्डव्वा लिंबाचं बोट वर धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तळ बाई. जमलं तर झारा तुझा. न्हाय जमलं तर पुन्हा विषय काढायचा न्हाय." म्हणजे आईने कधी काढला असल्यासारखा!

दार लोटलं गेलं. आत आई आणि मी. चुन्याला हात लावायचा नाही अशी तिने त्या सोललेल्या जिभेनंतर शपथ घेतली होती. तिने पीठ फेटलं, फेटत राहिली, मोहन कडकडीत केलं, घोसाळ्याच्या चकत्या कपड्यावर पसरून कोरड्या केल्या, जे जे माणसाला प्रामाणिकपणे करता येतं ते सगळं केलं. पहिला घाणा मी बाहेर नेला. ताटात जाता जाता भजी आडवी झाली.

आत्याने एक खाल्लं. "वैनी," ती आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मऊ खायला माझे दात पडलेत काय गं अजून? चांगली बत्तीशी घेऊन आलेय करकंबवरनं." अप्पांनी भजं उजेडासमोर धरलंसुद्धा नाही. ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

मी आत आले. आईने सगळं ऐकलं होतं. ती कढईकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "डबी आण."

"आई! छी!"

"आण म्हटलं न्हवं!"

मी मागच्या ओट्यावर गेले. दोड्डप्पा तिथे बसले होते, ओठात नुकतीच चिमूट गेलेली. मी डबी मागितली. त्यांनी मला बघितलं, लोटलेलं दार बघितलं, आणि काही विचारलं नाही. झाकण उघडून मला दाखवलं. चुना सुकून दगड झाला होता. "हा तुमाला निघायचा न्हाय," ते उठत म्हणाले. "माझ्याच अंगठ्याला येतो तो. तुझी दोड्डव्वापण सुकला की मलाच बोलावती की." आणि जरा ताठ होऊन, जन्मभर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "या घरातली भजी मीच करतो म्हण की."

आता हे समजून घ्या की माझी आई लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिराशी कधी सरळ बोलली नव्हती. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि जे काही सांगायचं ते आमच्यामार्फत: "दोड्डप्पांना विचार, चहा घेणार का." ते आत आले तशी ती उठून उभी राहिली, पदर ओढला. परात दोन्ही हातांनी उचलली. आणि दोन्ही डोळे मिटून, स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "भावजी, अंगठा घाला."

दोड्डप्पांनी सभ्यपणे आधी मोरीत पिंक टाकली. मग प्रश्न आला सुका चुना ओला कशाने करायचा. म्हणजे मला आला. त्यांना हा प्रश्न आयुष्यात पडला नव्हता. त्यांनी अंगठा जिभेवरून एकदा सावकाश फिरवला, डबीत घालून घोळवला, पुन्हा जिभेवर नेला, पुन्हा घोळवला, आणि नखभर चुना, कडेच्या सगळ्या रंगांसकट, परातीत सोडून अंगठा पिठाच्या तळापर्यंत नेऊन दोनदा ढवळला. वर काढला, बघितला, आणि उरलेलं पीठ वाया जाऊ नये म्हणून चाटला. "तिखट जरा कमी हाय," म्हणाले, आणि मागच्या दाराने निघून गेले. काळे कण पिठात तरंगत होते. त्यातला कुठला ओवा आणि कुठला तंबाखू, हे सांगायला आता साक्षात ब्रह्मदेवाला तपासनीस म्हणून बसवावं लागलं असतं. माझा हात तोंडावर होता. आईचे डोळे अजून मिटलेले. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की शिव्या देत होती ते मी कधी विचारलं नाही. मग तिने डोळे उघडले आणि मोहन ओतलं.

दुसरा घाणा कढईतून निघाला तो वाजतच. सोनेरी जाळी, ताठ चकत्या, तेलाचा थेंब नाही. मी ताट घेऊन बाहेर गेले. दोड्डव्वा दारात होती. तिने ताटाकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग नाक किंचित वर करून हुंगलं, आणि तिचा चेहरा पडला. तिला कळलं. पण बोलणार काय? 'माझा चुना चोरला' म्हणणार? ती लिंबाचं बोट कुरवाळत राहिली.

आत्याने चावलं. कुर्रर्र! "अगं बाई!" म्हणून तिने पुढची दोन हातात घेऊन ठेवली. माझ्या ताटलीतही आईने एक टाकलं होतं. मी सगळं बघितलेली मुलगी. अंगठा, जीभ, डबी, सगळं. मी ते भजं नुसतं बघणार होते. पण तो वास, ती जाळी... खाल्लं मी. लई चांगलं लागलं. त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त किळस येते ती याची.

मग अप्पा. त्यांनी भजं उचललं. उजेडासमोर धरलं. इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं. सोलापुरातला सगळ्यात तीक्ष्ण डोळा त्या काळ्या कणांवरून हळूहळू फिरला, एका कणावर थांबला, तिथे जरा घुटमळला. दोड्डव्वाने भिंतीला हात लावला. "ओवा चांगला भाजलाय," अप्पा पुटपुटले, आणि चावलं. तो आवाज मागांच्या खटखटाटावरून बोळात गेला. त्यांनी दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. मग एरवी ताटावरून मधेच कधी न उठणारे अप्पा उठले, थेट स्वयंपाकघरात गेले आणि आईला मनगटाला धरून बाहेर सगळ्यांपुढे घेऊन आले. आईचा हात बेसनाने माखलेला, बोटांना चिरा पडलेल्या. ती कावरीबावरी होऊन खाली बघत होती. ज्यासाठी इतकी वर्षं थांबली ते आता येणार हे तिला कळलं होतं, आणि हसावं की पुन्हा न्हाणीत पळावं हे कळत नव्हतं. मागच्या दारात दोड्डप्पा येऊन उभे होते, ओठ फुगलेला, अंगठा सदऱ्याला पुसत. अप्पांनी बायकोचा तो हात खिडकीच्या उजेडासमोर उंच धरला, टॉवेल धरावा तसा, आणि भरलेल्या तोंडानेच ओरडले:

"भजी काय खात बसलाय, हात बघा, हात! एक डाग न्हाय!"